गुण्यामामांच्या घरी शिडीसाहेब

कोपरा सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी आणि सुतार जो काटकोनी लोखंडी तुकडा लावतात, त्याला गुण्या म्हणतात. आमच्या छापखान्यात एक चालताबोलता गुण्या होता. कागद कापायच्या मशीनवर चौतीस वर्षं काढलेले मामा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळे त्यांना गुण्यामामा म्हणायचे, कारण त्यांनी कापलेल्या गठ्ठ्याला गुण्या लावून बघायची गरज पडत नसे. समोर धरलेला कागद बघून ते सांगत, "डावीकडे एक सूत जास्त आहे," आणि असायचं. हा गुण त्यांना छापखान्याबाहेरही सोडत नसे. कुणाच्या घरी मयत झाल्यावर भेटायला गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे, मग सांत्वन.

मी त्याच छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्यामागे मला प्रूफबाई म्हणतात आणि तोंडावर नुसतं बाई. मामांची नि माझी ओळख अकरा वर्षांची. जे सांगणार आहे ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात झालं आणि त्यात माझं काम फक्त दुभाष्याचं होतं.

मामांच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट वरच्या पेरापासून नव्हतं. ते त्यांनी कधी लपवलं नाही, उलट त्याचा धडा केला होता. कटिंग खात्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मामा त्याला मशीनपाशी नेत, तो हात त्याच्या डोळ्यांसमोर धरत आणि म्हणत, "लक्ष. एवढी एकच गोष्ट. माझं एकदाच नव्हतं, आणि हे बघ." सांगण्यात दुःख नसे, शाळेत पाढे म्हणावेत तसा सूर असे. अपघाताला सत्तावीस वर्षं झाली होती. खातेप्रमुखाची जागा त्यानंतर दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा मामांना डावलून दुसऱ्याला दिली. थोरले मालक तेव्हा हयात होते. ते म्हणाले होते म्हणे, "ज्याला स्वतःची बोटं सांभाळता आली नाहीत, तो माणसं काय सांभाळणार?" हे मामांच्या कानावर आलं, तेव्हा मामा म्हणाले, "मालकांचं काय चुकलं?"

थोरल्या मालकांच्या माघारी धाकट्यांनी कारभार हातात घेतला आणि चार वर्षांनी कटिंगचं नवं मशीन मागवलं. ते ज्या परदेशी कंपनीचं होतं, जुनंही त्याच कंपनीचं. फरक एवढाच, की जुनं कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातून सेकंडहँड आलं होतं आणि नवं खोक्यात बसून आलं. खोक्यापाठोपाठ ते बसवायला कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, अंगाने काटक, आणि उंच म्हणजे किती, तर कागदाच्या मांडणीवरचा सगळ्यात वरचा गठ्ठा तो शिडी न घेता काढी. दुसऱ्याच दिवशी त्याचा शिडीसाहेब झाला.

शिडीसाहेब कमी बोलायचा. त्याची भाषा आमच्यातल्या कुणाला येत नव्हती. इंग्रजी त्याला कामापुरतं येई, मलाही कामापुरतं येई, पण दोघांची कामं वेगळी असल्यामुळे सुरुवातीला जरा ओढाताण झाली. मग जमलं. मामा आणि तो दिवसभर मशीनखाली पालथे पडलेले असायचे आणि त्यांना माझी फारशी गरज लागत नसे. एक जण हात पुढे करी, दुसरा हवा तोच पाना त्यावर ठेवी.

जेवणाच्या सुट्टीत मात्र शिडीसाहेब रिकाम्या खोक्यावर बसून दोन केळी आणि बिस्किटांचा अर्धा पुडा खायचा. रोज तेच. मामांनी हे दोन आठवडे पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, त्याला सांगा, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. तुम्हीही या. तुमच्याशिवाय आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसू."

"मामींना विचारलंत का?"

"तिनेच सांगितलंय. रोज केळी खातो म्हणजे काय, आजारी आहे का, म्हणाली."

मी निरोप दिला. शिडीसाहेबाने विचारलं, "किती वाजता?" मामा म्हणाले, "सात." त्याने वहीत लिहून घेतलं.

सात म्हणजे साडेसात, हे आपल्याला कळतं. साडेसातचा पाहुणा पावणेआठला येतो, हेही मामींनी धरलं होतं. मी साडेसहाला पोचले तेव्हा घर ऐन धांदलीत होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सुनेच्या शिवणयंत्राचं टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं होतं, त्यावर धुतलेली चादर घातली होती. खालच्या मजल्यावरून चार खुर्च्या आणल्या होत्या, त्यातली एक डुगडुगत होती आणि मामा तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालत होते. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. सून न्हाऊन केस पुसत होती. सात वर्षांची नात, ठकी, तिला दाराशी उभं राहायचं काम दिलं होतं आणि ती ते फार मनापासून करत होती.

मामी कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. "बाई, त्यांना हाक काय मारायची? शिडीसाहेब म्हटलं तर चालेल ना? आडनावच आहे ना ते?"

मी म्हटलं, "मामी, ते आपल्या लोकांनी ठेवलंय."

"अरे देवा. मी दोन आठवडे त्यांच्या घराण्याचा विचार करतेय."

सात वाजायला एक मिनिट कमी असताना दारावर टकटक झाली. मामा बनियनवर होते, इस्त्रीचा सदरा अजून सुनेच्या हातात होता. ठकीने दार उघडलं. शिडीसाहेब आत आला आणि चौकटीवर असं कपाळ आपटलं, की वरच्या फळीवरचा डबा हलला. ठकी हसली. मामींनी तिच्याकडे डोळे वटारले, मग त्यांनाच हसू आलं, म्हणून त्या आत गेल्या. मामा सदऱ्यात एक हात घालून बाहेर आले. यजमान आणि पाहुणा दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. अशा वेळी दुभाष्याने काय बोलावं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाहुण्याने खिशातून एक लांबट चामडी पाकीट काढून मामांना दिलं. आत पोलादी पट्टी होती, कंपनीचा शिक्का असलेली, बारीक रेघांची. मामांनी पाहुण्याला बसा म्हणायचं सोडलं, कपाटातून स्वतःची जुनी पट्टी आणली आणि दोन्ही दिव्याखाली एकावर एक ठेवल्या. शिडीसाहेबही वाकला. दोघांची डोकी जवळजवळ लागली. मामांच्या पट्टीचं शून्याकडचं टोक केसभर झिजलं होतं.

"बघा," मामा मला म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी सगळं जग केसभर लहान कापलं."

मी ते सांगितलं. शिडीसाहेब तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग त्याला बसायला खुर्ची मिळाली, पुठ्ठा घातलेली.

जेवण साडेसातला वाढलं. मामींनी पाहुण्यासाठी एक भाजी बिनतिखटाची केली होती आणि ती ओळखू यावी म्हणून वेगळ्या भांड्यात ठेवली होती. पाहुण्याला चमचा दिला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवायला लागला. त्याची बोटं लांब होती आणि एकेक घास तो सुटा भाग मशीनमध्ये बसवावा तसा नीट तोंडात बसवत होता. मामी दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

आता त्याच्या देशात ताटात काही टाकणं म्हणजे यजमानीणबाईंचा अपमान. हे त्याने मला नंतर सांगितलं. आणि आपल्याकडे रिकामं ताट दिसलं, की वाढणारीचा हात थांबत नाही. त्यामुळे तो संपवी आणि मामी वाढत. तो पुन्हा संपवी, मामी पुन्हा वाढत. चौथ्यांदा भात आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुभाष्याने बोललेलं सांगायचं असतं. ताट काही बोलत नव्हतं.

शेवटी ठकीनेच सोडवलं. ती म्हणाली, "आजी, त्यांचं पोट टेबलाला लागलंय."

"काय म्हणते ती?" पाहुण्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर आहे तिचं." मामींनी पातेलं खाली ठेवलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "जेवणारा माणूस आहे. उगाच केळ्यांवर दिवस काढत होता."

हात धुऊन झाल्यावर मामा कपाटाशी गेले आणि फडक्यात बांधलेलं एक पुस्तक घेऊन आले. जुन्या मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक. थोरल्या मालकांनी ते एकदा रद्दीत काढलं होतं, तेव्हा मामांनी घरी आणलं. सगळं पाहुण्याच्या भाषेत. ती वाचणारं इथे कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाचणारं कुणी शोधलंही नव्हतं. मामांनी त्यातली चित्रं बघून बघून मशीन शिकून घेतलं होतं आणि प्रत्येक चित्राशेजारी शिसपेनने आपल्याला कळलेला अर्थ लिहून ठेवला होता.

शिडीसाहेबाने पुस्तक हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बदलला. कुणी आपल्या गावचं भेटावं तसा. त्याने मला विचारलं, "यांनी काय लिहिलंय?" मी एकेक टिपण वाचून सांगायला लागले. पात्याला धार कधी लावायची. दाबपट्टी किती आवळायची. तेल कुठे, किती थेंब. शिडीसाहेब छापलेला मजकूर वाचे आणि म्हणे, "बरोबर." पान उलटे. "हेही बरोबर." एका ठिकाणी तो म्हणाला, "हे आमच्या पुस्तकापेक्षा चांगलं लिहिलंय." मी हे मामांना सांगितलं, तेव्हा मामांनी खुर्ची जरा पुढे ओढली. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

मधल्या एका पानावर काळी चौकट होती. चौकटीत एक पंजा काढलेला, त्याखाली तीन ओळी. शेजारी मामांचं अक्षर: "हात धुऊन कामाला लागणे."

हे मामांचं दुसरं व्रत होतं. साबणाने हात धुतल्याशिवाय ते मशीनला शिवत नसत आणि दुसऱ्यालाही शिवू देत नसत. मी टिपण वाचून दाखवलं. या वेळी शिडीसाहेब "बरोबर" म्हणाला नाही. त्याने त्या तीन ओळी वाचल्या, मग मामांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तीन आठवडे तो त्या हाताशेजारी काम करत होता, पण त्याने कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, "हे कसं झालं?"

मामांनी पाढा म्हटला. "माझं लक्ष नव्हतं. पातं खाली आलं, कापलं, वर गेलं. मी कातरण काढायला हात आत घातला आणि माझ्याकडूनच पातं खाली आणायचा दांडा परत ओढला गेला. सकाळी घरी जरा बोलाबोली झाली होती. डोक्यात तेच असणार."

बोलाबोलीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामी दाराशी होत्या त्या आत गेल्या. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

सून हळूच म्हणाली, "ठकीच्या बाबांनी सांगितलंय, कपाटाची किल्ली हरवली होती. सासूबाई बोलल्या होत्या, 'तुमचं लक्ष असतं कुठे?' आणि त्याच दिवशी हे झालं. तेव्हापासून त्या सकाळच्या वेळी कुणालाच काही बोलत नाहीत. मला सुद्धा. मला वाटायचं, स्वभावच शांत आहे."

शिडीसाहेब थांबला होता. मी त्याला मामांचं सांगितलं, सुनेचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "त्यांना विचार, पातं दुसऱ्यांदा आलं, तेव्हा उजवा हात कुठे होता?"

मी विचारलं. मामा खुर्चीतून उठले. त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले, जणू मशीनसमोर उभे आहेत. डावा हात आत गेला, उजवा छातीशी राहिला, काहीतरी धरल्यासारखा.

"पुठ्ठा," ते म्हणाले. "उजव्या हातात पुठ्ठा होता. गठ्ठ्यावर ठेवलेला पुठ्ठा मी आधी काढून घ्यायचो. हो. तो रक्ताने भरला, खालचा गठ्ठाही, म्हणून ऑर्डर परत छापावी लागली."

"मग दांडा कुणी ओढला?" शिडीसाहेबाने माझ्यामार्फत विचारलं.

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. थोरल्या मालकांनी नाही, चौकशीला आलेल्या माणसाने नाही, त्यांचा त्यांनीही नाही.

शिडीसाहेबाने चौकटीतल्या ओळींवर बोट ठेवलं आणि एकेक वाक्य मला इंग्रजीत करून दिलं. मी ते आपल्या भाषेत केलं. "पातं वर थांबवणाऱ्या ब्रेकचा पट्टा झिजला असेल, तर दांडा एकदाच ओढूनही पातं दोनदा खाली येऊ शकतं. पट्टा दर वर्षी बदलावा. बदललेला नसल्यास मशीन चालवू नये, व कोणत्याही कारणाने पात्याखाली हात घालू नये."

मामा म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"पट्टा," मामा म्हणाले. "तो आम्ही बदललाच नव्हता. मशीन आलं तेव्हापासून नाही. तो बदलायचा असतो, हेच माहीत नव्हतं. माझा हात बरा होईस्तोवर बदली माणूस होता ना, त्याच्याही वेळी पातं असंच आलं दोनदा, म्हणून बाहेरून मिस्त्री बोलावला, त्याने नवा घातला. मला वाटलं, माझ्या अपघाताने बिघडलं असेल." त्यांनी ते पान स्वतःकडे वळवून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं लक्ष होतं."

मी विचारलं, "हे पाहुण्यांना सांगू?"

"नको. हे घरचं आहे."

पाहुण्याला मात्र बसवेना. तो म्हणाला, कंपनीने हे पान इथल्या भाषेत छापायला हवं होतं, आपल्याला फार वाईट वाटतं, आपण त्यांची क्षमा मागतो. मी सांगितलं. मामांनी उलट विचारलं, "तो तेव्हा काय करत होता?"

"शाळेत होतो," शिडीसाहेब म्हणाला. "चौदा वर्षांचा."

"मग झालं तर. म्हणावं, फळं खा."

फळं मामी घेऊन आल्या होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या, माझं लक्ष नव्हतं. ताटली टेबलावर ठेवून त्या खुर्चीवर बसल्या, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. म्हणाल्या, "बाई, मला सांगा. सावकाश."

मी सावकाश सांगितलं. ब्रेक म्हणजे काय, पट्टा म्हणजे काय, पातं आपोआप कसं आलं, उजव्या हातात पुठ्ठा कसा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"किल्लीचा काही संबंध नाही?"

"नाही, मामी."

त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत किंवा मामांकडे पाहिलंही नाही. ताटलीतलं एक सफरचंद घेतलं, त्याच्या फोडी केल्या आणि पाहुण्यापुढे सरकवल्या. पाहुण्याच्या पोटात जागा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने खाल्ल्या.

नऊच्या सुमारास आम्ही निघालो. जिना उतरताना शिडीसाहेब म्हणाला, "मी आज काही चांगलं केलं की वाईट?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मला खरोखरच ठाऊक नव्हतं. एखाद्याने आपली चूक मानून, तिच्यावर नीट घर बांधून त्यात सत्तावीस वर्षं राहावं, आणि मग कुणीतरी येऊन सांगावं की जमीन दुसऱ्याची आहे. घर पडतं की राहतं, हे लगेच दिसत नाही.

सोमवारी मामा धाकट्या मालकांकडे गेले. मलाही बोलावलं, कारण लिखापढीचं काम होतं. अपघाताच्या वहीत सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंद होती, "कारण: कामगाराचे दुर्लक्ष." खाली मामांची सही होती, डाव्या हाताला पट्टी असताना उजव्याने केलेली. मामांचं म्हणणं, ती नोंद दुरुस्त करावी.

धाकटे मालक जरा सावध झाले. "मामा, जुनं उकरून काय मिळणार आता?"

"मिळायला काही नको. छापखाना आहे आपला. चूक दिसली की दुरुस्त करतो. बाई तेवढ्याच कामाला बसल्यात."

धाकट्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते जरा नरमाईने म्हणाले, "ती वहीच नाही हो मामा. जुनं गोदाम रिकामं केलं तेव्हा वाळवीने खाल्लेल्या सगळ्या वह्या रद्दीत गेल्या. मीच पाठवल्या."

"मग हे लिहिलेलं आता कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

मामांनी यावर जरा विचार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कमाल आहे. म्हणजे वही केव्हाच मेली होती. मीच एकटा ती रोज वाचून दाखवत होतो."

त्यानंतर महिन्याभरात कटिंगला दोन नवे लोक आले. मामांनी दोघांना मशीनपाशी नेलं, पण हात दाखवला नाही. मागचं झाकण उघडलं, ब्रेकचा पट्टा दाखवला, तो झिजला की कसा दिसतो ते सांगितलं आणि मग म्हणाले, "लक्ष तर हवंच. पण आधी हे बघा." साबण मात्र चालूच राहिला. कागदाला डाग पडत नाहीत म्हणाले, तेवढा तरी फायदा आहे.

खातेप्रमुखाची जागा त्यांना मिळाली नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि जागाही रिकामी नव्हती. कुणी तो विषय काढला नाही, मामांनीही नाही. मी एकदा थोरल्या मालकांच्या त्या बोलण्याची आठवण दिली तर म्हणाले, "ते गेले बिचारे. त्यांनाही कुणी वाचून दाखवलं नव्हतं." हे मला पटलं नाही. रद्दीत काढेपर्यंत पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं आणि परदेशात पत्र पाठवायला त्या काळीही टपाल होतं. पण मामांना हे ऐकवून उपयोग नव्हता.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. शिडीसाहेब गेल्यावर दीडेक आठवड्याने मामा कामावर वीस मिनिटं उशिरा आले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. घाबरून विचारलं, तर म्हणाले, "घरी भांडण झालं."

"कशावरून?"

"मी तिचा चष्मा चुकून घालून आलो होतो. अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. तर काय बोलली! पार लग्नापासूनचं सगळं काढलं. मला बोलायला जागाच ठेवली नाही." ते हात धुवायला गेले. तोंडावर राग होता, पण चाल अशी, की तिथल्या एका बायंडरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

जुनं मशीन विकायचं ठरलं. दुसऱ्या गावच्या एका लहान बाइंडिंगवाल्याने ते घेतलं. तोवर मी त्या पुस्तकाचं भाषांतर करायला घेतलं होतं. शिडीसाहेबाने आपल्या गावी जाऊन कंपनीतल्या प्रतीवरून सगळी पानं इंग्रजीत करून टपालाने पाठवली होती, अधूनमधून कंसात "इथे मामांचं टिपण वापर" अशी सूचना. बेचाळीस पानं झाली. धाकट्या मालकांनी पन्नास प्रती छापून दिल्या, स्वतःहून. काळ्या चौकटीचं पान मामांनी वेगळं मोठं छापून घेतलं. त्याची मुद्रितं मी तीनदा तपासली आणि मामांनी चौथ्यांदा. अक्षरांत चूक सापडली नाही, पण चौकट उजवीकडे अर्धं सूत कलली होती. ती पुन्हा जुळवली.

नवा पट्टा घातल्याशिवाय मशीन हलवू द्यायचं नाही, असं त्यांनी मालकांकडून कबूल करून घेतलं होतं. आणि मशीन चढवलं त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी ते स्वतः बसले. निवृत्त होऊन तेव्हा आठवडा झाला होता. मामी म्हणाल्या, दोन दिवसांत परत येणार असाल तर जा. मामा हो म्हणाले.

तिथे मशीनवर काम करणारी एक बाई होती, तिशीतली, बाइंडिंगवाल्याची वहिनी. तोवर ती हातकटरवर कापायची. मामांनी तिला पुस्तक दिलं, पण ते वाचण्याआधी मोठं पान तिच्याकडून वाचून घेतलं, मोठ्याने, दोनदा. मग ते पान तिच्या डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर चिकटवलं. तिने विचारलं, "मामा, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" मामा म्हणाले, "निम्मं चित्रांनी, निम्मं एका पाहुण्याने."

दोन दिवसांचे पाच झाले. फोन करायचं त्यांना सुचलं नाही. मामींनी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे चौकशी केली, चौथ्या दिवशी बाइंडिंगवाल्याचा नंबर मागितला. पाचव्या दिवशी मामा आले, हातात पिशवी आणि पँटला ग्रीस. मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी चपला काढता काढता सांगितलं, "तिथली फरशी सपाट नव्हती. एका कोपऱ्यात चार पाचरी माराव्या लागल्या."

मामी म्हणाल्या, "आणि फोन? तुमचं लक्ष असतं कुठे?"